‘देवावर भाव ठेवणे’ आता कोणाला कळतच नाही का?

मेंदीचं_कुंपण:
एका वाक्यावर अडले आहे. माझी मावशी जानेवारीत प्रभूमध्ये निजली. मूळची नगरची (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागायची आहे). पुढच्या रविवारी स्मरणाची उपासना आहे. तिथे वाटायच्या चार पानी पुस्तिकेसाठी टोरांटोच्या मावसभावाने इंग्रजीत मजकूर पाठवलाय, त्याचं मराठी माझ्याकडे आलं. सगळं उरकलं, शेवटचं वाक्य तेवढं राहिलं: ‘शी ट्रस्टेड गॉड थ्रू एव्हरी लॉस, अँड शी ग्र्यू.’

मी लिहिलं, ‘प्रत्येक वियोगात तिने परमेश्वरावर भाव ठेवला आणि ती वाढत गेली.’ भाची वाचून म्हणते, “आत्या, भाव ठेवला म्हणजे? कांद्याचा ठेवतात तसा?” तिला ‘विश्वास’ हवाय. मला तो पुरत नाही. बायबलमधलं नीतिसूत्रे ३:५ आम्ही रविवारच्या शाळेत घोकलं ते ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव’ असंच. हा प्रयोग खरंच मेलाय का?

चहाबाज:
भाव खाणे, भाव देणे, भाव पडणे, सगळं ऐकलंय. ठेवणे पहिल्यांदाच. ‘देव भावाचा भुकेला’मध्ये हाच भाव असावा, पण तिथे तो मुळात असतो, कोणी ठेवत नाही.

जुना_रुळ:
ताई, ‘विश्वास’च करा. प्रूफं तपासण्यात ३० वर्षं गेली, त्यावरून सांगतो, पुस्तिका वाचणाऱ्यासाठी असते. ज्या शब्दाला तळटीप लागते तो शब्द चुकला. आणि ‘वियोग’ही काढा, तो नाटकातल्या नायक-नायिकेला होतो. ‘हानी’ लिहा. बायबलात पौलाच्या पत्रात ‘लाभाच्या’ गोष्टींसमोर ‘हानीच्या’ असंच आहे.

मेंदीचं_कुंपण:
हानी? पंचनामा केल्यासारखं वाटेल हो. यंत्राने तर ‘नुकसान’ दिलं होतं. काका गेले, मग थोरला मुलगा गेला. याला नुकसान म्हणायचं?

विश्वास का पुरत नाही ते सांगते. थोरला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. महिन्याभराने शेजारच्या बाईंनी मावशीला विचारलं, “आता तरी तुमचा विश्वास राहिलाय का?” मावशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, “विश्वासाचं आत्ता मला विचारू नका. भाव ठेवलाय.” मी तेव्हा दहावीत होते. तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यात वेगळे आहेत.

टिंबटिंब:
त्या वेगळे वापरत होत्या, आणि बरोबर वापरत होत्या. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’ हा एकच शब्द, खरं मानणं आणि हवाली होणं दोन्ही त्यात. मराठीत तो ‘विश्वास’ झाला. नीतिसूत्रांतला मूळ हिब्रू शब्द ‘बाटाख’, म्हणजे निर्धास्तपणे विसंबणं. तिथे भाषांतरकारांना ‘विश्वास’ तोकडा वाटला असणार, म्हणून ‘भाव’. मला विचाराल तर ‘भरवसा’ सर्वांत नेमका. भर म्हणजे वजन, वजन टाकून बसणे तो भरवसा.

जुना_रुळ:
वजन टाकून बसणे ही व्युत्पत्ती आपण खुर्चीवर बसल्या बसल्या काढलेली दिसते. आणि भरवसा म्हणजे हिंदी भरोसाच. उद्या ‘भरोसा रखा’ लिहाल.

टिंबटिंब:
मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात ‘भरंवसा’ आहे, अनुस्वारासकट. तो काय मुंबईच्या सिनेमातून आला? आणि इब्री लोकांस पत्र ११:१ काढा. ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आहे.’ विश्वास समजावून सांगायलाही भरवसाच लागला.

बावखल:
वसईहून. आम्हा कॅथलिकांत ‘श्रद्धा’ म्हणतात. धर्मगुरू मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ‘श्रद्धेने स्वीकारू या’ म्हणतात. ‘विश्वास’ म्हटलं की लगेच कळतं, समोरचा प्रोटेस्टंट आहे. माझ्या आजीच्या तोंडी विश्वास फक्त उसने पैसे देताना यायचा.

चहाबाज:
मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी वारी आहे. म्हणून विचारतो, राग नसावा: भाव हा आमचा शब्द ना? तुकोबांचा?

टिंबटिंब:
तुमचाच, आणि ख्रिस्ती मराठीने तो मोकळेपणाने घेतला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुलावरून येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही.

पंडिता रमाबाईंचं उलट होतं. हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांना ते बायाबापड्यांना कळेल असंच हवं होतं. स्वतः एवढ्या संस्कृत पंडित असून! हे सगळं केडगावला (दौंडजवळचं, नगरचं नव्हे). आणि ‘एव्हरी लॉस’ म्हणाल तर त्यांच्याकडे बघा: दुष्काळात आईवडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्या एप्रिलात बाई स्वतः गेल्या. भाषांतर बाहेर आलं १९२४ ला.

बावखल:
हे माहीत होतं, पण असं ओळीने कधी वाचलं नव्हतं.

जुना_रुळ:
मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला. ‘ती वाढत गेली’ हे मराठी नव्हे. मूल वाढतं, वेल वाढते. सत्तरीची बाई कशी वाढेल? ‘तिची आध्यात्मिक उन्नती झाली.’

मेंदीचं_कुंपण:
उन्नती शब्द ऐकून मावशी हसली असती. मंडळीत आम्ही ‘आत्मिक वाढ’ म्हणतो, साक्ष देताना (स्वतःचा देवाचा अनुभव सांगताना) हमखास येतो. पण मी तो मुद्दाम टाळला. शेवटच्या वर्षी डॉक्टर दर वेळी म्हणायचे, “वाढ आहे.” “यकृतातही वाढ दिसतेय.” आता पुस्तिकेत ‘वाढ’ छापायला हात धजत नाही. क्रियापद चाललं, नाम नाही. का ते सांगता येत नाही.

टिंबटिंब:
मराठीत तसंही ‘वाढणे’ सरळ नाही. नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तर ‘वाढली’. मंगळसूत्र तुटलं तरी वाढवलं. जे मोडलं म्हणवत नाही ते वाढतं.

चहाबाज:
आणि पंगतीत वाढतात ते?

टिंबटिंब:
ते वेगळं. बहुधा. आता मलाच शंका आली.

जुना_रुळ:
असल्या कोट्यांवर भाषांतर होत नाही. बरं ताई, मुखपृष्ठावर नावाआधी ‘कै.’ लावलेलं नाही ना? ख्रिस्ती माणसाला कैलासवासी करून ठेवतात लोक.

बावखल:
आमच्याकडे एका निधनवार्तेत चक्क ‘कै. फादर’ आलं होतं! ‘ख्रिस्तवासी’ लिहावं.

चहाबाज:
‘दिवंगत’ सगळ्यांना चालतं की.

जुना_रुळ:
दिवंगत म्हणजे स्वर्गात गेलेला. तो निर्णय छापखान्याने का घ्यावा?

बावखल:
मग ख्रिस्तवासी लिहिणारा कोणता निर्णय घेतो?

मेंदीचं_कुंपण:
पुस्तिका काल छापून आली. शेवटी ‘भाव ठेवला आणि ती वाढत गेली’ हेच दिलं होतं, भाचीची समजूत काढून. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला ‘भाव’ चुकीचा वाटला, त्याने न विचारता सुधारला. २०० प्रती: ‘प्रत्येक वियोगात तिने परमेश्वरावर भार ठेवला.’ चिकटपट्टी लावू की राहू देऊ?

टिंबटिंब:
राहू द्या. ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ असं स्तोत्र ५५ मध्ये आहे. भर, भार, भरवसा, मी काय म्हणत होतो!

जुना_रुळ:
तिथे ‘टाक’ आहे, ‘ठेव’ नाही. चिकटपट्टी लावा.

बावखल:
ख्रिस्तवासीचं उत्तर राहिलं.