नर्मदेची लाइन नाही तिथे बोरिंगच्या भरवशावर कॉलनी मंजूर करावी का?

रामबागकर
इंदूरच्या नव्या विकास आराखड्यावर सध्या सगळे बोलतात ते मेट्रो, रस्ते आणि एफएआरबद्दल (म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं, त्याबद्दल). (आधीचा, 2021 पर्यंतचा आराखडा 2008 मध्ये लागू झाला होता.) माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे नर्मदेचं पाणी पोचलेलं नाही, तिथे नुसत्या बोरिंगवर कॉलनीला मंजुरी देऊ नये.

आपलं पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून येतं. सत्तर किलोमीटर लांबून, चारशे मीटरहून जास्त उंची चढून. 1978 मध्ये पहिला टप्पा आला, त्याआधी शहर यशवंत सागर, बिलावली हे तलाव आणि घरोघरच्या विहिरींवर जगत होतं. नर्मदा आली आणि विहिरींत आपण निर्माल्य टाकायला लागलो, मग मलबा. आज केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत इंदूर 'अतिशोषित' आहे, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त आपण उपसतो. दर उन्हाळ्यात नव्या बोरिंगवर बंदी घालायची आणि पावसाळा लागला की पुन्हा मशीन लावायचं, याला नियोजन म्हणायचं का?

बायपासवाली
काका, रामबागेत नळाला एक दिवसाआड का होईना पाणी येतं, म्हणून हे बोलायला सोपं आहे. शहरात परवडलं असतं तर आम्ही बायपासपलीकडे कशाला गेलो असतो? आमच्या कॉलनीत दोन बोरिंग, त्यातलं एक होळीच्या आतच बसतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर टँकरची यादी, कोणाचा हौद आधी भरायचा त्यावरून भांडणं. तरीही मी तुमच्या विरोधात आहे. मंजुरी थांबली म्हणून लोक यायचे थांबत नाहीत. अवैध कॉलन्यांचे प्लॉट पाडले जातील, तिथे ड्रेनेजही नसेल आणि शोषखड्ड्यातली घाण शेजारच्या बोरिंगमध्ये उतरेल. मंजूर कॉलनीत निदान बिल्डरला धरता तरी येतं. (आमच्या ब्रोशरात 'नर्मदा जल' छापलं होतं. धरून झालंय, पण तो विषय वेगळा.)

निवृत्त_स्थापत्य
ताईंशी सहमत. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात मध्य प्रदेशाला 18.25 दशलक्ष एकर-फूट पाणी मिळालं. त्यापुढे इंदूरची पिण्याची गरज किरकोळ आहे. विजेचा खर्च जबर आहे, मान्य; म्हणूनच तर महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे काढून 244 कोटी उभे केले, जलूदच्या सौर प्रकल्पासाठी. लाइन वाढवा, टाक्या बांधा. भूजलाचं भावनिक राजकारण करू नका.

आणि छतावरच्या पाण्याचा हिशोब एकदा कागदावर मांडा. हजार चौरस फुटांचं छत, वर्षाला साधारण 950 मिलिमीटर पाऊस, गळती-बाष्प वजा जाता सत्तर हजार लिटर. पाच जणांच्या घराला माणशी 135 लिटर धरले तर शंभर दिवसांचं पाणी. बंगल्याला ठीक आहे. आता चार हजार फुटांच्या छताखाली चाळीस फ्लॅट घ्या. प्रत्येकाच्या वाट्याला सात हजार लिटर, म्हणजे जेमतेम दहा दिवस. यावर शहर चालतं का?

रामबागकर
साहेब, हिशोब सोळा आणे खरा, पण तो माझ्या बाजूने जातो! एफएआर वाढवला की छत तेवढंच राहतं आणि माणसं दुप्पट होतात. म्हणजे मजले वाढवणं हाच पाण्याचा निर्णय झाला, आणि तो घेताना पाण्याचा कागद कोणी मागत नाही. इमारतीला पार्किंग किती ते विचारतात, तसं बारा महिन्यांचं पाणी कुठून आणणार हे विचारा. सांडपाण्याचंही तेच. 2021 मध्ये सांडपाणी शुद्ध करण्याबद्दल देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून आपण मिरवलो, मग शुद्ध केलेलं सांडपाणी बांधकामाला सक्तीचं करा की. काँक्रीटवर बोरिंगचं पाणी मारताना रोज दिसतं.

मुरूम_आणि_माती
भिया लोकहो, दोघेही कागदावरच आहात. मी रिचार्जची, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची कामं करतो. 140 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला नियमाने हार्वेस्टिंग लागतं, म्हणून नकाशात खड्डा असतोच. प्रत्यक्षात काळ्या मातीत पाच फूट खणून गिट्टी भरतात. ती चिकणमाती पहिल्या पावसात फुगते आणि खड्ड्याचा टब होतो, वर डास. माती संपून मुरूम लागेपर्यंत खणायला हवं, आणि खाली भेगाळलेला थर आहे का ते बघायला हवं. आपल्याकडचा बेसाल्ट असा आहे की एका प्लॉटवर बोरिंगला पाणी लागतं आणि शेजारी कोरडा धुरळा उडतो. याहून वाईट म्हणजे छताचा पाइप सरळ बोरिंगमध्ये सोडणारे. गच्चीवरची कबुतरांची घाण, गाळ, सगळं आत. भेगा बुजल्या की ते बोरिंग गेलंच. पहिला पाऊस बाहेर काढा, फिल्टर दरवर्षी धुवा.

त्यामुळे प्लॉटाप्लॉटाच्या सक्तीवर माझा विश्वास नाही. आराखड्यात ओढे, नाले, जुन्या बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) आणि तलावांकडे येणाऱ्या उतारांवर रेघ मारा की इथे बांधायचं नाही. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, पण यादीमुळे वरून येणारे ओढे मोकळे राहत नाहीत.

निवृत्त_स्थापत्य
रेघ मारायला काय जातं! ती ज्याच्या शेतातून जाईल त्याला मोबदला कोण देणार? आणि बावड्यांचं म्हणाल तर पटेल नगरचं विसरलात? 30 मार्च 2023, रामनवमी, मंदिराचा स्लॅब खचून 36 माणसं गेली. त्यानंतर ती बावडी बुजवली, ते बरोबरच होतं.

मुरूम_आणि_माती
साहेब, माणसं गेली ती बावडीवर स्लॅब टाकून मंदिर वाढवलं म्हणून. उघडी, कठडा असलेली असती तर? मोबदल्याचा प्रश्न खरा आहे. शेतकऱ्याला त्या जमिनीचे विकास हक्क दुसरीकडे वापरू द्या. जिथे नर्मदेची लाइन आहे तिथेच, बरं का, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

बायपासवाली
हे मला पटतंय. पण रामबागकर काकांची अट लावणार असाल तर ती आजपासून, नव्या कॉलन्यांना. आम्ही जे आधीच राहतोय, त्यांना लाइन मिळण्याची तारीख त्याच आराखड्यात छापा. आणि टँकरवाले पाणी कोणत्या गावच्या बोरिंगमधून भरतात, त्या गावाला विचारलं का कोणी?

रामबागकर
तारीख छापायची मागणी मान्य. हरकती मागवल्या की मी माझी आणि तुमची एकत्रच देतो. टँकरच्या मुद्द्यावर तुम्हीच चार ओळी लिहून पाठवा.