बाबांसाठी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन
प्रश्न: बाबा पुढच्या महिन्यात निवृत्त होत असून त्यांना वायरलेस हेडफोन भेट द्यायचे आहेत, ते चष्मा लावतात आणि मुंबई-पुणे रेल्वेप्रवासात शास्त्रीय संगीत ऐकतात, तर कोणते घ्यावेत?

उत्तर १: सोनीचे डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ पाहावेत. त्यांची घडी होते, वजन सुमारे २५४ ग्रॅम आहे आणि नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज दाबण्याची सोय) सुरू ठेवूनही बॅटरी ३० तासांपर्यंत पुरते. मात्र गाडीची एकसुरी घरघर दबते तशा शेजारच्यांच्या गप्पा दबत नाहीत, हे बाबांना आधीच सांगावे.

उत्तर २: चष्म्याची काडी हेडफोनच्या कानावरच्या गादीखाली आली की फट राहते आणि तिथूनच आवाज शिरतो. माझ्या वडिलांच्या कानामागे तर जाड काडीमुळे तासाभरात वळ उठत असे. म्हणून बाबांनाच दुकानात न्यावे आणि चष्म्यासकट घालून पाहू द्यावे.