एमएसडब्ल्यूच्या मुलांना ईएपीसाठी घडवायचं, तर फिल्डवर्क एमआयडीसीत आणि पाळीच्या वेळेला हवं

तापीकाठ (धागा)
ईएपी म्हणजे कर्मचारी सहाय्य कार्यक्रम. पैसे कंपनी भरते, आणि कामगार दारू, कर्ज, घरातली भांडणं, उडालेली झोप यांवर गुप्तपणे सल्ला घेतो, तोही मोजक्याच बैठकांत. हे काम समाजकार्याचंच आहे. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, शेवटच्या वर्षाला यासाठी वेगळा पेपर आणि कारखान्यातलं फिल्डवर्क असावं, असं माझं ठाम मत आहे.

पण ते ११ ते ५ नको. ७ ते ३ ची पाळी सुटली की माणूस गाडी गाठायला पळतो, मग विद्यार्थ्याला भेटणार कोण? पाळी बदलण्याच्या आगेमागे एकेक तास बसावं लागेल. आणि खोली एचआरच्या केबिनला लागून असली तर तिथे कुणी पाऊल ठेवणार नाही. दवाखान्याच्या किंवा कँटीनच्या बाजूला हवी, म्हणजे आत शिरणारा कशासाठी शिरला ते कुणाला कळत नाही.

अवधान_पाळी२
पटलं नाही. शिकून मुलं जाणार कुठे? मोठ्या कंपन्यांची ईएपी सेवा बरीचशी बाहेरच्या शहरांतून फोनवर चालते. इथली डाळ मिल किंवा चटईचा कारखाना म्हणजे पाच-पन्नास माणसं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ नुसार कामगारांसाठीचा कल्याण अधिकारी सक्तीचा होता ५०० कामगारांपासून, आता २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेत २५० पासून. त्याखालच्या मालकाला कोण भाग पाडणार?

शिवाय ज्याचा पगार, त्याचाच माणूस. कामगार हे बरोबर ओळखतो.

निंबाची_सावली
माझा आक्षेप वेगळा आहे. एका पेपरवर समुपदेशक तयार होत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं एमफिल.

अर्धवट शिकलेला काय करतो? रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, ४८ तासांच्या आत आकडीचा झटका येऊ शकतो, दोन-तीन दिवसांनी भ्रम. आणि हा माणूस त्या वेळी मशीनवर उभा असतो! दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत.

तापीकाठ
@निंबाची_सावली, म्हणूनच तर प्रशिक्षण मागतोय. ईएपीवाल्याने उपचार करायचेच नाहीत. ऑडिट (AUDIT) या दारूच्या सवयीच्या चाचणीचे १० प्रश्न विचारायचे. ८ किंवा जास्त गुण म्हणजे धोक्याचं पिणं, २० किंवा जास्त म्हणजे थेट मनोविकारतज्ज्ञाकडे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे आडवळणाने न विचारता सरळ विचारायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा आणि दोन आठवड्यांनी स्वतःहून चौकशी करायची. बहुतेक कामं बिघडतात ती इथेच. चिठ्ठी दिली की काम संपलं असं धरतात, माणूस दवाखान्यात पोचला का ते कुणी बघत नाही.

@अवधान_पाळी२, लहान कारखान्यांचं म्हणणं खरं आहे. त्यावर दहा-पंधरा युनिटांनी मिळून एक समाजकार्यकर्ता ठेवावा. ‘मना जीव घाबरस’ असं अहिराणीत सांगणाऱ्याला पुण्याच्या फोनवर ‘तुम्हाला अँग्झायटी वाटते का?’ विचारून काय हाती लागणार?

विश्वासाचं म्हणाल तर तो कागदावर बांधावा लागतो. नोंदवहीत फक्त क्रमांक, नावांची यादी वेगळ्या कुलपात. व्यवस्थापनाला तिमाही आकडे, पण दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचे वेगळे नाहीत, नाहीतर पॅकिंगमधल्या सहा जणांत ‘दारू : १’ म्हणजे कोण, ते सुपरवायझर लगेच ओळखतो. आणि पहिल्या पाच मिनिटांत कामगाराला सांगायचं की तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, तरच गोष्ट बाहेर जाईल.

अवधान_पाळी२
नोंदवहीचं मान्य, पण सामायिक समाजकार्यकर्त्याचं गणित अजून पटत नाही. एका युनिटने हप्ता थांबवला की बाकीचेही मागे सरतात. करार वर्षाचा आणि पैसे आगाऊ हवेत. आणि ठेकेदाराच्या माणसांचं काय? त्यांना सेवा लागू आहे असं करारात स्पष्ट लिहिलं नाही, तर सगळ्यात गरजू माणूस गेटवरूनच परत जाईल.

निंबाची_सावली
ठेकेदाराची माणसं हवीतच. त्यासोबत विद्यार्थ्यावर महिन्यातून दोनदा मनोविकार समाजकार्यकर्त्याची देखरेखही त्याच करारात लिहा. तेवढं असेल तर वेगळ्या पेपरला माझा विरोध नाही. नसेल तर आहे.