मदत हवी आहे : एनएटी२ मंद असलेलं बरं की वेगवान?

जनुकशास्त्र जाणणाऱ्यांनी जरा सांगा. सिगारेटच्या धुरातल्या अॅरोमॅटिक अमाइन्स या कर्करोगकारक रसायनांचा बंदोबस्त यकृतातलं एनएटी२ हे एन्झाइम करतं. ज्यांच्यात ते जन्मतःच मंद, त्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका जास्त, त्यातही धूम्रपान करणाऱ्यांना. इथवर कळलं. पण करपलेल्या मांसातल्या हेटरोसायक्लिक अमाइन्स या रसायनांना हेच एन्झाइम डीएनएला चिकटून कर्करोग घडवण्याजोगं बनवू शकतं म्हणे! म्हणजे रक्षकच फितूर. मग वेगवान एनएटी२ मोठ्या आतड्याला खरंच घातक ठरतं का? शिवाय घातक रसायनं निकामी करणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमचं जीएसटीएम१ हे जनुक कित्येकांत मुळातच नसतं. मंद एनएटी२ आणि जीएसटीएम१ नसणं, दोन्ही एकत्र आलं तर धोक्याची बेरीज होते की गुणाकार?

सोप्या भाषेतलं वाचायला सुचवा. (घरबसल्या जनुकचाचणीच्या जाहिराती कृपया नकोत.)