"बायकांका आता सगळी मोकळीक आसा" : तुमचे अनुभव सांगा

गेल्या गणपतीत खळ्यात, म्हणजे अंगणात, बसलेले एक काका चहा संपवून म्हणाले, "आता बायकांका सगळी मोकळीक आसा. आमकाच काय उरूक नाय." तेव्हा आत सहा बायका मोदक वळत होत्या आणि सातवी, म्हणजे मी, त्यांचा कप उचलायला उभी होते. तेव्हापासून 'मोकळीक' हा शब्द डोक्यातून जात नाही. तुमच्या वाट्याची मोकळीक कुठवर आली, कुठे अडली? रडगाणं नको, किस्से हवेत. पुरुषांना मज्जाव नाही.

राजापूर
17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सगळ्यात जास्त आनंद आमच्या ह्यांना. सासऱ्यांची औषधं, लाइट बिलाची तक्रार, विहिरीवरच्या पंपाची जळलेली मोटर, रत्नागिरीची सगळी कामं आता "तुलाच स्वस्त पडतं" म्हणून माझ्याकडे. पण खिडकीची जागा मिळाली की दीड-दोन तास कोणी पाणी मागत नाही. हे मात्र ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

देवगड (माहेर)
माझं जरा लांबेल. माझं लग्न 1993 चं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांसारखा हक्क देणारा कायदा आपल्या राज्यात आला 1994 ला, आणि आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. एका वर्षाने हुकलं! 2005 ला केंद्राने सगळ्याच मुलींना हक्क दिला, तर भाऊ म्हणाला, बाबा 2001 ला गेले, आपल्याला लागू नाही. 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वडील तेव्हा हयात असायची गरज नाही, हक्क जन्माचाच आहे.

पुढच्याच एप्रिलात भाऊ ठाण्याला आला. सोबत हापूसची चार डझनांची पेटी आणि हक्कसोड पत्र. वहिनीने माझ्यासाठी साडीही पाठवली होती. "नुसती सही गो, आंब्याची कलमं तुझीच आहेत." मी चहा टाकता टाकता हिशेब केला: ऐंशी कलमं भागिले दोन, वजा चार डझन आंबे. सही केली नाही. भांडलेही नाही, पेन सापडत नाही म्हटलं. त्याच्या खिशाला पेन होतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

त्यानंतर पेटी येत नाही. मागच्या वर्षी बाजारातून घेतली. घरी येऊन पेंढा काढला तर खोक्यावर बाबांचं नाव छापलेलं.

हर्णै
आमच्याकडे मोकळीक मागायला सवड कुणाला? संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागला की बोली मी लावते, पैसे मी मोजते. सासूही तेच करायची. परवा मुलीने शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय 'गृहिणी' लिहिला. म्हटलं, मग डोक्यावर टोपली कोण नेते गं? म्हणाली, बाईंनी तसंच लिहायला सांगितलं.

वेंगुर्ला (पुरुष आहे, चालेल ना?)
बायको मुंबईत नोकरीला, मी इथे काजूची बाग बघतो. वाडीतला प्रत्येक माणूस विचारतो, "जेवणाचा काय करतस?" दोन घरून आमटी येते, नको म्हणवत नाही. माझे वडील गिरणीत होते, 1982 चा संप होईपर्यंत. तेवढी वर्षं आई इथे एकटी होती. नांगरणी, दोन म्हशी, आम्ही चौघं आणि मनीऑर्डरची वाट. तिला कुणी काय विचारलं, हे मी तिलाच विचारलं. म्हणाली, "पोस्टमन इचारी, सही करूक येता काय?"

गुहागर
घरूनच कंपनीचं काम करते. रेंजसाठी कधीकधी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसावं लागतं, पण समुद्र दिसतो. सगळे म्हणतात, आजकाल मुलींनाच गावातला मुलगा नको असतो. मी म्हटलं, मला चालेल. तर आईच रडायला लागली. "एवढं शिकवलं ते इथेच राहायला?" आता माझ्यासाठी पुण्याची स्थळं येतात आणि गावात बत्तीस वर्षांचे मुलगे तसेच हिंडतायत.

अलिबाग, वय 74 (नात टाइप करतेय)
आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत. पन्नास वर्षं मी "अहो" वर काढली. आता बँकेत केवायसीला गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणे, "आजी, मिस्टरांचं नाव सांगा." मागे रांग. मग घेतला उखाणा, नारळीपौर्णिमेचा, चांगला चार ओळींचा. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, "आजी, फक्त मधलं नाव हवं होतं."