विधेयक, अधिनियम, कायदा आणि ‘परत पाठवणे’

‘लोकसभेत कायदा मंजूर’ असा मथळा वाचला. मंजूर होतो तो कायदा की विधेयक? आणि अधिनियम म्हणजे कायद्याचेच सरकारी नाव का?

—

सभागृहात मंजूर होते ते विधेयकच, म्हणजे कायद्याचा मसुदा. मथळ्यात जागा कमी असते, एवढाच वृत्तपत्रांचा बचाव. भारतीय न्याय संहितेचे बघा. लोकसभेने विधेयक मंजूर केले २० डिसेंबर २०२३ ला, राज्यसभेने दुसऱ्या दिवशी. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आणि विधेयकाचा अधिनियम झाला. तरी संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. म्हणजे मथळ्याच्या दिवशी त्याला कायदा म्हणणे फारच घाईचे.

अधिनियम म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा. कायदा हा शब्द त्याहून ऐसपैस आहे. संसदेचे अधिवेशन नसताना राष्ट्रपती काढतात तो वटहुकूम कायद्यात मोडतो, अधिनियमात नाही.

—

वटहुकूम आणि अध्यादेश एकच ना?

—

एकच. कागदोपत्री अध्यादेश, बोलताना वटहुकूम. मला वटहुकूमच आवडतो. त्यात हुकूम ऐकू येतो. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो.

—

माझी शंका वेगळी आहे. ‘राज्यसभेने धन विधेयक परत पाठवले’ असे वाचले. म्हणजे फेटाळले का?

—

उलट! इथे मराठी वाचक हमखास फसतो. धन विधेयक म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचे विधेयक. ते फेटाळण्याचा अधिकारच राज्यसभेला नाही. १४ दिवसांत फार तर शिफारशी करायच्या आणि ते लोकसभेकडे परत करायचे. शिफारशी मानणे न मानणे लोकसभेच्या हाती. १४ दिवसांत परत केले नाही, तरी ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असेच धरतात. त्यामुळे बहुतेक वेळा तिथे ‘परत पाठवले’ याचा अर्थ ‘आमची हरकत नाही’ एवढाच.

राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवले, तर मात्र अर्थ बदलतो: पुन्हा विचार करा. दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केले, दुरुस्ती करून वा न करता, की अनुमती रोखता येत नाही. गंमत म्हणजे धन विधेयक राष्ट्रपतींना असे परत पाठवताच येत नाही.

—

मग बातमीत काय लिहावे?

—

राज्यसभेसाठी ‘लोकसभेकडे परत’, राष्ट्रपतींसाठी ‘फेरविचारासाठी परत’. एक शब्द वाढतो, पण घोटाळा टळतो.