मदत हवी आहे: परसात हरणं, आणि शेजारी मचाण बांधायची परवानगी मागतोय

मेथीवाली

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मागे पाऊण एकराचं परस, त्याला लागून ओकचं रान. घर घेतलं त्या वर्षी हरणं दिसली की मी कौतुकाने नागपूरला व्हिडिओ पाठवायचे. आता रोज संध्याकाळी सात-आठ जणी हजर. टोमॅटो, भेंडी, दुधीचे कोंब, होस्टाची शोभेची पानं, सगळं फस्त. आर्बरव्हिटीची झाडं त्यांची मान पोचते तिथवर बोडकी. लसूण तेवढा शिल्लक. गेल्या नोव्हेंबरात नवऱ्याच्या गाडीवर एक येऊन आदळलं, आणि जूनमध्ये धाकट्याच्या गुडघ्यामागे गोचीड निघाली. लाल वर्तुळ उठलं, लाइमची (गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार) औषधं झाली.

रानापलीकडचा शेजारी, साठीचा, भला माणूस, धनुष्यबाणाने शिकार करतो. सप्टेंबरपासून आमच्या हद्दीतल्या ओकवर मचाण बांधू द्या आणि तशी चिठ्ठी लिहून द्या, म्हणतोय. नवरा म्हणतो, देऊन टाक. मी माळकरी घरातली. त्यात सासूबाई आल्या आहेत. त्या हरणांना सफरचंदाच्या फोडी टाकतात, एकीचं नाव चंदा ठेवलंय.

पण माझे वडील यवतमाळकडे रोही आणि रानडुकरांपायी रात्र-रात्र जागलीला जायचे. त्यामुळे नुसतं 'बिचारी हरणं' म्हणून मला मोकळं होता येत नाही. मुलं परसात खेळतात, त्यांना धोका किती? कायदा काय म्हणतो? आणि शिकारीवाचून काही जमतं का? कृपया अनुभवावरून सांगा. मांसाहारावर वाद नको.

कट्टेकरी

ताई, आधी टेप घेऊन अंतर मोजा. न्यू जर्सीत धनुष्यबाणासाठी कुठल्याही इमारतीपासून १५० फूट सोडावे लागतात, बंदुकीसाठी ४५०. शाळेचं मैदान असेल तर धनुष्यालाही ४५०. आणि १५० ते ४५० फुटांच्या मधे असाल तर उंचावर बसून खाली जमिनीकडेच बाण सोडायचा, असा नियम आहे. म्हणून तर तो मचाण मागतोय. चुकलेला बाण मातीत रुततो. यात शेजाऱ्यांची घरंही धरा, फक्त तुमचं नाही.

खरी कटकट पुढे आहे, ती कोणी सांगत नाही. बाण लागलेलं हरीण बहुधा जागेवर पडत नाही. पळतं, आणि कधी कधी तिसऱ्याच्याच हिरवळीवर जाऊन पडतं. तिथे जायला त्या घरमालकाची परवानगी लागते. आमच्या गल्लीत एकदा वाढदिवसाची पार्टी चालू असताना हे झालं. तेव्हा आजूबाजूच्या घरांशी त्याने बोलून ठेवलंय का, ते विचारा. दिवस आणि वेळ चिठ्ठीत लिहा. रविवारी खाजगी जागेत धनुष्यबाण चालतो, पण तुम्हाला नको असेल तर तसं लिहा. घराच्या विम्यावाल्यालाही एक फोन करा.

हिरवळकर

शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारा: माद्या मारणार का? शिंगांच्या नरामागे लागणारे पुष्कळ असतात. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, त्यामुळे दोन नर गेले तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं तेवढीच. धडधाकट मादीला बहुधा जुळी होतात. म्हणूनच इथल्या काही विभागांत आधी बिनशिंगाचं हरीण मारा, मगच नर, असा नियम ठेवलाय.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेत ही पांढऱ्या शेपटीची हरणं पाचेक लाख उरली होती. आजचा अंदाज तीन कोटींच्या आसपास. लांडगे आणि कुगर (मोठं रानमांजर) या भागातून कधीच संपले आणि आपण घराभोवती कोवळा पाला लावून ठेवलाय. तुमच्या ओकच्या रानात वाकून बघा, ओकची हातभर उंचीची रोपं दिसतात का. आमच्याकडे एकही नाही, सगळी हरणांनी खाल्ली; नुसतं त्यांना न आवडणारं जपानी गवत.

नसबंदी म्हणाल तर न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ मध्ये नरांची सुरू केली. ते बेट आहे, तरी तिथली हरणं आपल्याच जर्सीतून पोहत गेली असं मानतात! मोकळ्या वस्तीत हे कितपत टिकेल, मला शंका आहे. आपल्याच राज्यातल्या प्रिन्स्टन गावाने २००१ मध्ये हरणं मारायला पगारी नेमबाज आणले, तेव्हा केवढी भांडणं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. पण हरणं-गाड्यांच्या धडका कमी झाल्या.

अळूवडी

लाइमसाठी मात्र शिकारीवर भिस्त ठेवू नका. गोचिडीला त्याचा जंतू मिळतो मुख्यतः उंदरांकडून, हरणाकडून नाही. हरीण म्हणजे मोठ्या गोचिडीची खानावळ. मेन राज्यातल्या मोन्हेगन बेटावर नव्वदच्या दशकात सगळीच्या सगळी हरणं काढली, तेव्हा गोचिडी ओसरल्या. तुमच्याकडच्या आठाची पाच झाली म्हणून तेवढा फरक पडणार नाही. मे ते जुलै मुलांचे पाय रोज संध्याकाळी तपासा.

भाजीसाठी आठ फुटांची जाळी, तीही फक्त वाफ्यांभोवती. हद्दीवर एवढं उंच कुंपण घालायला बऱ्याच टाउनशिप (गावाच्या नगरपालिका) परवानगी देत नाहीत. अंड्याचा वास येणारे फवारे पावसाने धुऊन जातात (आणि तुमच्या घरात चालतीलसं वाटत नाही).

शिकार केलेलं मटण विकता येत नाही. शिकाऱ्यांना जास्त झालं तर 'हंटर्स हेल्पिंग द हंग्री'मार्फत अन्नपेढ्यांना जातं. आणि सासूबाईंच्या फोडी आजपासून बंद. त्यानेच ती दारापर्यंत येतात.

मेथीवाली

सगळ्यांचे आभार. मोजलं. मागच्या दारापासून ओक २१० फूट, डावीकडच्या घरापासून १७०. शेजाऱ्याला माद्यांचं विचारलं, तर हसला. म्हणाला, शिंगं भिंतीवर लावायचं वय गेलं, फ्रीझर भरायचाय. चिठ्ठी देणार आहे, पण फक्त शाळेच्या वेळेत, सोमवार ते शुक्रवार. डावीकडच्यांशी आधी तो बोलेल, मग मी सही करेन.

सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. सफरचंदं गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये हलवली, तर आज सकाळी त्यांनी पोळी टाकली.